‘पालकांनी हात लावू नये’ म्हणणाऱ्यांना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की मुलांच्या डायरीत एक ओळ हमखास येते : विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः करावा, पालकांनी मदत करू नये. पालकसभेत मुख्याध्यापक तीच ओळ जरा चढ्या आवाजात म्हणतात. परीक्षक म्हणून आलेले प्राध्यापक बक्षीस समारंभात तिचीच री ओढतात आणि समोर सगळ्या माना डोलतात. इतक्या लोकांचं इतक्या सहज एकमत झालं की मला त्या मताची शंका येते. या मताबाबत तर मी शंकेवर थांबणार नाही. ते साफ चुकीचं आहे. मुलाला मदत करावी, भरपूर करावी. त्याने उन्हावर चालणारं काही करायचं मनात घेतलं असेल, तर मदत न करणं हा निव्वळ आळस आहे. त्याला तत्त्वाचा मुलामा देऊ नये.

समोरच्यांचं म्हणणं पोकळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुठल्याही तालुका प्रदर्शनात अर्धा तास फिरलं तरी ते पटतं. सहावीतली मुलगी घोकलेलं भाषण न अडखळता म्हणून दाखवते. ‘बाळा, ही बारकी काळी नळी कशाला लावलीस?’ असं विचारलं की तिची मान मागे वळते, आणि मागे भिंतीला टेकून बाबा उभे असतात. मॉडेल बाबांचं, भाषण बाबांचं, उद्या ढाल मिळाली तर तीही बाबांचीच. दुसरी तक्रार याहून गंभीर आहे : ज्याच्या घरात इंजिनिअर, त्याच्या गळ्यात पदक. तिसरी शिक्षणाची म्हणून सांगितली जाते, की मुलांना चुकू द्या, चुकूनच ती शिकतात. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, तिसरी अर्धी खरी आहे. पण तिन्हींवर काढलेला इलाज एकच, बंदी. आणि तो एकाही दुखण्याला लागू पडत नाही.

बंदीने झालं काय? मदत थांबली नाही, ती चोरून होऊ लागली. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मूल झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ग्लू गन तापते आणि सकाळी तोच प्रकल्प ‘मी स्वतः केला’ म्हणून रिक्षात बसतो. ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी बाजार हजर आहे. या दिवसांत स्टेशनरीच्या दुकानांत तयार ‘वर्किंग मॉडेल’ टांगलेली असतात : सोलर घर, सोलर पवनचक्की, सोलर गाडी. आणायचं, वर नाव-इयत्ता-तुकडी चिकटवायची. नियम अक्षरशः पाळला गेला. पालकांनी मॉडेलला हात लावला नाही, फक्त खिशात घातला.

शिवाय होते ती मदत नेमकी चुकीच्या टोकाला होते. ‘कल्पना तुझी हं’ म्हणून सुरुवातीचा सगळा विचार मुलावर सोडायचा आणि शेवटची चिकटवाचिकटवी, तारांना डाग देणं, रंग हे आपण करायचं. वास्तविक चिकटवणं मुलाला उत्तम जमतं. वाकडं झालं तरी बिघडत नाही. त्याला एकट्याला जमण्यासारखा नसतो तो आधीचा भाग, म्हणजे आखणी. सौर उपकरणात तर सारी मेख तिथेच आहे.

नेहमीचं उदाहरण घेऊ. सातवीतला मुलगा म्हणतो, मी सोलर मोबाइल चार्जर करणार. दर प्रदर्शनात असे दोन-तीन तरी असतात. त्याने बाजारातून १ वॉटचं, तळहाताएवढं पॅनेल आणलं. फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, व्होल्टेज सरासरी ३.८५; गुणाकार केला की सुमारे १९ वॉट-तास होतात. पॅनेलवर छापलेला १ वॉट हा दर चौरस मीटरला १००० वॉट इतकं ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेला. निरभ्र आकाशाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं सगळं ऊन गोळा केलं तर ते अशा पूर्ण उन्हाच्या साधारण पाच तासांइतकं भरतं. म्हणजे दिवसाला ५ वॉट-तास. त्यातून पॅनेल तापल्याने, चार्जरच्या सर्किटमध्ये आणि तारांत जातं ते वजा करा. फोनपर्यंत तीन-साडेतीन पोचले तरी नशीब. एक फोन भरायला पाच-सहा दिवस, तेही फोन बंद ठेवून! प्रत्यक्षात एवढ्याशा प्रवाहावर बरेच फोन चार्जिंगला तयारच होत नाहीत. पडद्यावर विजेचं चिन्ह येतं, जातं, पुन्हा येतं.

या हिशेबात गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी यांपलीकडे काही नाही. पाचवीचं गणित आहे. सातवीतला मुलगा तो वहीच्या अर्ध्या पानात करेल. पण हा हिशेब करायचा असतो, पॅनेल आणण्याआधी करायचा असतो, हे त्याला सुचणार कुठून? वॉट आणि वॉट-तास यांतला फरक शाळेत त्याच्यापर्यंत पोचायला अजून अवकाश आहे. तिथे कोणीतरी मोठ्या माणसाने शेजारी बसून विचारायला हवं : फोनला किती लागतं? पॅनेल किती देतं? मग किती दिवस? उत्तर मोठ्याने देऊ नये, प्रश्न मात्र त्यानेच टाकायला हवा. हा प्रश्न टाकण्याला जे लोक ‘हस्तक्षेप’ म्हणतात, त्यांना आखणी म्हणजे काय हे कळलेलं नाही असंच मला म्हणावं लागेल.

‘मग चार्जर नाही चालला तर नाही चालला, त्यातूनच तो शिकेल’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. चुकीतून शिकायचं तर चूक कुठे झाली हे सापडावं लागतं. चार्जर चालला नाही, तर दोष पॅनेलचा, तारेचा, डायोडचा, कलण्याचा की मूळ हिशेबाचा, हे बारा वर्षांच्या पोराने कसं ओळखायचं? तो शिकतो ते एवढंच, की सोलरमध्ये काही दम नाही. हा धडा घेऊन मोठी झालेली माणसं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या पॅनेलला विरोध करताना मी पाहिली आहेत. पण तो वेगळा विषय.

‘एकट्याने करू द्या’ याला आणखी एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल मी थट्टेने बोलणार नाही. उन्हाची वीज साठवायची म्हटलं की मुलं हल्ली लिथियम-आयन सेलकडे वळतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले गोल सेल बाजारात स्वस्तात मिळतात. असा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नसतो. त्याला ६ व्होल्टचं पॅनेल मध्ये काहीही संरक्षण न ठेवता जोडलं, किंवा त्याची दोन टोकं एकमेकांना भिडली, तर तो तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. अशा सेलबरोबर मुलाला एकटं सोडून ‘स्वयंअध्ययन’ म्हणणाऱ्याच्या हातात मी माझं मूल देणार नाही.

आता मदत कशी करावी, यावर बोलतो. टीका करून मोकळं होणं सोपं आहे.

पहिलं काम मुलाला बॅटरीपासून वाचवायचं. त्यासाठी अशी गरज शोधावी, जी ऊन असतानाच असते. डिसेंबर-जानेवारीत बाजारात आवळा येतो. घरोघरी फोडी मीठ लावून ताटात वाळत घातल्या जातात, वर धूळ बसते, चिमण्या येतात. मुलीने आजीकडे पाहून म्हटलं, मी वाळवणाची पेटी करते. पुठ्ठ्याचं खोकं, आतून काळा रंग, वर काच, मध्ये जाळीचा ट्रे, खाली हवा आत यायला भोकं, आणि वरच्या बाजूला ओलसर हवा बाहेर ओढणारा छोटा पंखा. पंखा ५ व्होल्ट, ०.२ अँपिअर, म्हणजे १ वॉटचा. कोवळ्या उन्हातही फिरावा म्हणून पॅनेल त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचं. बॅटरी नाही, चार्जर नाही. ऊन आलं की पंखा फिरतो, ऊन गेलं की थांबतो. आणि ऊन नसताना त्याने फिरावं असं वाळवणाचंही काही म्हणणं नसतं. ही जुळणी तिची तिला दिसावी म्हणून तिच्याशी तासभर बोलत बसावं लागतं. तो तास म्हणजे मदत.

पुढचं बरंचसं ती करेल. पॅनेल सपाट ठेवायचं की कलतं? पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. पॅनेल गच्चीवर आडवं टाकलं तर थेट येणाऱ्या उन्हातला जवळजवळ पाव भाग वाया जातो. तेच दक्षिणेकडे तोंड करून ४२ अंशांनी उभं केलं की दुपारी ऊन सरळ अंगावर येतं. हे कंपासपेटीतल्या कोनमापकाने करता येतं. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असला तर अर्धी शाळा घरी आली म्हणायची. सिलिकॉनचा एक सेल चालू असताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो, मग तो नखाएवढा असो की हाताच्या पंजाएवढा. आकार वाढला की वाढतो तो प्रवाह. म्हणून ६ व्होल्टच्या पॅनेलमध्ये असे डझनभर सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातल्या एकावर बोट ठेवून बघ म्हणावं. पॅनेलचा बारावा भाग झाकला, तर बारावा हिस्सा वीज कमी व्हावी असं तिला वाटणार. पंखा मात्र जवळपास थांबतोच, कारण रांगेतल्या एकाने प्रवाह अडवला की सगळ्यांचाच अडतो. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते दुकानातल्या मॉडेलमध्ये मिळत नाही.

तापमानाची गंमत तर मोठ्यांनाही ठाऊक नसते. जितकं जास्त तापेल तितकी जास्त वीज, असा सगळ्यांचा समज. खरं म्हणजे सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद गमावतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात ते ६५ अंशांवर गेलं, तर १६ टक्के वीज नुसत्या उष्णतेने गेली. पॅनेलच्या पाठीला ओलं फडकं लावून आकडा पुन्हा मोजला, तर तेवढ्यावरच एक स्वतंत्र प्रकल्प उभा राहतो.

वाळवणाकडे परत येऊ. खोकं, पंखा आणि पॅनेल जोडलं की उपकरण झालं, प्रयोग अजून झालेला नाही. तीन ताटं घ्यावीत : एक उघड्यावर, एक पेटीत पंखा बंद ठेवून, एक पेटीत पंखा चालू ठेवून. तिन्हींत सारख्या वजनाच्या फोडी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर तासाला वजन. त्याचा आलेख. पंखा लावलेलं ताट सर्वांत आधी वाळलं तर छान. नाही वाळलं तर त्याहून छान, कारण मग विचारता येतं की पंख्याने पेटीतली गरम हवा फार लवकर तर बाहेर फेकली नाही ना? ‘चुकू द्या’ म्हणणाऱ्यांना हवी असलेली चूक ही आहे. ती शोधता येते, कारण मागे आखणी आहे.

काही जण म्हणतील, मोठ्याने दिशा दाखवली की काम मुलाचं राहत नाही. मग १९५४ साली बेल प्रयोगशाळेत झालेलं काम कोणाचं म्हणायचं? डॅरिल चेपिन दमट प्रदेशांतल्या टेलिफोनसाठी विजेचा स्रोत शोधत होता आणि सेलेनियमच्या सेलवर घाम गाळत होता. त्या सेलची कार्यक्षमता एक टक्क्याच्याही खाली. त्याचा सहकारी जेराल्ड पिअर्सन याने त्याला सेलेनियम सोडायला सांगितलं आणि कॅल्विन फुलरच्या मदतीने बनवलेला सिलिकॉनचा तुकडा त्याच्या हाती दिला. पुढे तिघांनी मिळून सहा टक्के कार्यक्षमतेचा सेल बनवला. चेपिनचं श्रेय यामुळे कोणी काढून घेतलेलं मला माहीत नाही. योग्य वेळी मिळालेलं ‘ते सोड, हे बघ’ हे विज्ञानात लबाडी समजत नाहीत, सहकार्य समजतात. आणि हा सेल जगाला दाखवताना बेलच्या शास्त्रज्ञांनी चालवलं काय? एक छोटा खेळण्यातला आकाशपाळणा. सौर प्रकल्प ‘बालिश’ वाटणाऱ्या परीक्षकांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या विनीशा उमाशंकरचं. कोळशाच्या इस्त्रीऐवजी सौर इस्त्रीची हातगाडी तिने शाळकरी वयात कल्पिली. २०२० साली तिला स्वीडनचा मुलांसाठीचा हवामान पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये ती ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. तिच्या गाडीचा पूर्ण आकाराचा नमुना उभा करायला राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने साहाय्य केलं. म्हणून ती गाडी विनीशाची नाही, असं म्हणायला कोणी धजावेल का? केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये देते आणि पुढे मार्गदर्शकही पुरवते. सरकार जे उघडपणे देतं, ते आईने दिलं की अपराध कसा होतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

‘सोलर आता शिळं झालं, रोबोट करा, एआय करा’ अशी कुजबुजही असते. तिला फार जागा देत नाही. शिळंच म्हणायचं तर विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रजाने मुंबईत सपाट आरशांनी ऊन एकवटून वाफेचा पंप चालवला आणि १८७८ साली त्यावर पुस्तकही छापलं. शिळेपणा विषयाला नसतो, प्रश्नाला असतो. ‘सोलरचं काहीतरी’ शिळं आहे. ‘आमच्या खिडकीत दुपारी दोननंतर येणाऱ्या उन्हावर काय चालेल?’ हा प्रश्न त्या घरापुरता आजही ताजा आहे.

आता विषमतेकडे. समोरच्यांचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आणि मी त्याला वळसा घालणार नाही. बंदीने इंजिनिअरच्या मुलाचं काडीचंही नुकसान होत नाही, कारण त्याची मदत जेवणाच्या टेबलावर गप्पांत होऊन जाते. तिला कोणता नियम अडवणार? नुकसान होतं ते ज्याला शाळेशिवाय विचारायला कोणी नाही त्याचं. त्याच्यासाठी शाळेनेच दोन शनिवार काढून आखणीचे तास ठेवायला हवेत. ‘मदत नको’ या सूचनेमुळे शिक्षकांचीही त्या तासांतून सुटका होते, आणि मला वाटतं हेच तिच्या लोकप्रियतेचं एक कारण आहे.

दुसरं असं, की मदत म्हणजे डिप्लोमा-डिग्री हे गृहीतकच शहरी आहे. महाराष्ट्रात आज अनेक शेतांवर सौर कृषिपंप आहेत. सकाळी आठला पाण्याची धार बारीक असते, अकरानंतर भरते, ढग आला की मंदावते, पॅनेल धुतलं नाही की दुपारचीही धार उतरते, हे त्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. एका जागी सावली पडली तर पंप किती रुसतो हे त्याने पाहिलेलं असतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या बापाकडे हे ज्ञान नाही. सौर प्रकल्प आखताना लागतं ते नेमकं हेच. ‘पालकांना विचारू नका’ हे त्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगणं म्हणजे त्याच्या हातात आलेली एक आघाडी काढून घेणं आहे.

राहिला भिंतीला टेकून उभे असलेल्या बाबांचा प्रश्न. त्यांना घालवायचा उपाय सोपा आहे : मदत लपवण्याचं कारणच काढून टाकायचं. प्रत्येक प्रकल्पाबरोबर रोजच्या नोंदींची वही सक्तीची करावी. पहिल्या पानावर मूळ हिशेब, तो चुकलेला असला तरी चालेल, खोडलेला असला तर उत्तमच. शेवटच्या पानावर ‘कोणी काय मदत केली’ हा रकाना. वायरला डाग काकाने दिला, काच आईने कापून आणली, वजनाची कल्पना शिक्षकांची. हा रकाना रिकामा असेल तर गुण कापावेत, भरलेला असेल तर कापू नयेत. परीक्षकांनी ‘हे काय आहे?’ विचारणं बंद करावं. त्याचं उत्तर पाठ करता येतं. ‘एवढंच पॅनेल का घेतलंस?’, ‘अर्धं ऊन असेल तर काय होतं?’, ‘आधी काय करणार होतीस आणि ते का सोडलंस?’ यांची उत्तरं बाबा रात्री बसून भरवू शकत नाहीत.

आणि आयोजकांना एक विनंती. भर उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स असतो. ट्यूबलाइटखालच्या वर्गात ३०० ते ५००. म्हणजे दोन-तीनशे पट कमी. त्यातही ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात सिलिकॉनच्या कामाचा अवरक्त भाग जवळजवळ नसतोच. त्या उजेडात मल्टिमीटर बऱ्यापैकी व्होल्ट दाखवतो, मुलाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि पंखा हलत नाही, कारण प्रवाहच नाही. अशा बंद सभागृहात वर्षानुवर्षं सौर प्रकल्प मांडायला लावून नंतर ‘चालत नाही’ म्हणून शेरा लिहिणं, हे स्वतःला विज्ञान प्रदर्शन म्हणवणाऱ्यांनी तरी करू नये. सौर प्रकल्पांची टेबलं दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेत, झाडाच्या आणि मांडवाच्या सावलीबाहेर लावा. परीक्षण अकरा ते दोनच्या दरम्यान ठेवा. आणि परीक्षकांना टोप्या द्या, म्हणजे ते घाईने आत पळणार नाहीत.